हजेरीपटापासून जनगणनेपर्यंत



ज्या शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर बसून मी पाढे म्हटले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. उभे आयुष्य मी संख्याशास्त्र शिकवण्यात घालवले. हा विषय रूक्ष मानला जातो, आणि आकड्यांचे नाव काढताच श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून मी आरंभ आकड्यांपासून न करता गुरुजींच्या हजेरीपटापासून करतो.

मी सहावीत असतानाची गोष्ट. शाळेची तपासणी झाली. वर्गाची सरासरी हजेरी समाधानकारक आहे, असा शेरा मिळाला. दुसऱ्या कोणाला त्यात आनंद वाटला असता. गुरुजींनी मात्र त्या संध्याकाळी आम्हां तिघा मुलांना थांबवून घेतले आणि हजेरीपटाची नक्कल करावयास सांगितले. मुलांची हजेरी एका कागदावर, मुलींची दुसऱ्यावर. आणि तीही महिन्यामहिन्याची. नक्कल पुरी झाली तेव्हा जे एकत्रित सरासरीत कोठेच दिसत नव्हते ते समोर उभे राहिले. दसऱ्यानंतर कपाशीची वेचणी सुरू झाली की मुलींच्या कागदावरील रकाने एकामागून एक रिकामे होत होते. वर्गात मुलांची संख्या मोठी होती, आणि त्यांच्या हजेरीने ती उणीव झाकून टाकली होती. सरासरी खोटी नव्हती. तिला जे विचारले गेले नव्हते ते तिने सांगितले नव्हते, इतकेच.

तो कागद घेऊन गुरुजी घरोघरी गेले. वेचणीच्या दिवसांत मुलींसाठी त्यांनी पहाटेचा वर्ग सुरू केला. त्या रिकाम्या रकान्यांत एक नाव माझ्या थोरल्या बहिणीचे होते. ती सातवी उत्तीर्ण झाली, ती त्या कागदामुळे. संख्याशास्त्राचा माझा पहिला पाठ हाच. पुढे मोठमोठे ग्रंथ वाचले. परंतु त्या पाठाहून निराळे असे मूलतः काही शिकलो, असे मला वाटत नाही.

त्या पाठाचे सार तीन प्रश्नांत सांगता येते. कोणताही आकडा समोर आला की विचारावे: सरासरी कोणाची काढली? मोजले कसे? आणि मोजताना उत्तर कोणी दिले? आजच्या व्याख्यानात या तीन प्रश्नांचा आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या जीवनाशी काय संबंध आहे, तेवढेच मला सांगावयाचे आहे.

सरासरी कोणाची?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास आपल्याच जुन्या प्रांतापाशी येऊन पोचतो. दादाभाई नौरोजी हे मुळात एल्फिन्स्टन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक. हिंदुस्थानातील माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी किती, हा प्रश्न त्यांनी घेतला आणि १८७६ साली मांडलेल्या निबंधात १८६७-६८ या वर्षासाठी त्याचे उत्तर दिले: दरडोई सुमारे २० रुपये. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च याहून अधिक होता, हे त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांवरून दाखविले. कैद्याला जे मिळते ते मोकळ्या रयतेला मिळत नाही, या एका तुलनेने जे काम केले ते शंभर आवेशपूर्ण भाषणांनी झाले नसते.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे गणित करताना दादाभाईंनी मध्य प्रांताचा प्रशासकीय अहवाल हाती घेतला. आपला छिंदवाडा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. त्या अहवालात पिकाच्या उत्पन्नाची व भावाची प्रांतिक सरासरी काढताना निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे नुसते एकाखाली एक मांडून, बेरीज करून, जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. कोणत्या जिल्ह्यात किती पिकते याचा विचारच केलेला नव्हता. दादाभाईंनी ही चूक दाखवून दिली. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात ९० पोती धान्य पिकते व ते पोत्याला १० रुपयांनी विकते. दुसऱ्यात केवळ १० पोती पिकतात व भाव ३० रुपये आहे. दोन्ही भावांची बेरीज करून दोहोंनी भागले तर सरासरी भाव २० रुपये येतो. पण १०० पोत्यांची खरी किंमत आहे १,२०० रुपये. म्हणजे खरा सरासरी भाव १२ रुपये. वीस धरला तर शेतकरी सुखी दिसतो, बारा धरला तर त्याची खरी स्थिती कळते. सारा ठरविणाऱ्या सरकारला यांतील कोणता आकडा सोयीचा होता, हे सांगावयास नको.

याच परंपरेत एका शिक्षकाचे नाव घेतले पाहिजे. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक. सरकारी निळी पुस्तके आणि अंदाजपत्रके यांचा त्यांचा व्यासंग असा दांडगा होता की, १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि पुढे वरिष्ठ विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांचे साहाय्य घेतले. १९०२च्या गाजलेल्या भाषणात गोखल्यांनी प्रतिपादन केले की, सरकारच्या तिजोरीतील शिल्लक हे रयतेच्या भरभराटीचे लक्षण नव्हे. लोक हलाखीत असतानाही तिजोरी भरू शकते. पुढील वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका शाळामास्तराने रात्री दिव्यापाशी बसून केलेल्या बेरजा कोठवर पोचू शकतात, याचे हे उदाहरण या वास्तूत सांगताना मला विशेष समाधान वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. २०११च्या जनगणनेत छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख ९१ हजार होती आणि साक्षरता सुमारे ७१ टक्के. हा आकडा खरा आहे. पण तो कोणाचा? त्या जिल्ह्यात सिल्लेवानी घाटाच्या वरचा प्रदेश होता, तामियाची जंगले होती, पातालकोटातील भारिया बांधव होते. आणि घाटाखालचे आपले कपाशी-संत्र्यांचे, नागपूरच्या बाजारपेठेकडे तोंड करून बसलेले मैदानही होते. या सर्वांना एकत्र कालवून निघालेली सरासरी ना पातालकोटाची होती, ना सौंसरची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. यापुढे आपली सरासरी निराळी निघेल. त्याने एका अंगाने आपले चित्र स्वच्छ होईल. पण सावध असावे. जिल्ह्याच्या सरासरीत कालपर्यंत पातालकोट झाकला जात होता; उद्या आपल्या नव्या जिल्ह्याच्या सरासरीत आपल्यातीलच एखादी आदिवासी वस्ती, एखादी वेचणीच्या मजुरांची ओळ झाकली जाईल. हजेरीपटाचे दोन कागद करण्याचे काम कधीच संपत नाही.

मोजले कसे?

दुसरा प्रश्न मोजण्याच्या रीतीचा. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आणेवारी आठवत असेल. पिकाचा अंदाज रुपयातील आण्यांनी सांगावयाचा: सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, सहा आणे म्हणजे हलाखी. पटवारी बांधावर उभा राहून नजर फिरवी आणि आकडा लिही. अनुभवी नजरेला मी कमी लेखत नाही. परंतु नजर रस्त्यालगतच्या शेतावर पडते, नाल्यापलीकडच्या शेतावर पडत नाही. आणि ज्या आकड्यावर साऱ्याची सूट ठरावयाची तो लिहिताना नजरेवर दडपणेही येतात.

यावर उपाय निघाला तो पीक कापणी प्रयोगाचा, आणि त्याच्या उभारणीत दोन मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कपाशीवर काम केलेले डॉ. विनायक गोविंद पानसे. कृषी कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी मिळून लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ पिढ्यान्पिढ्या कृषी महाविद्यालयांत वापरला गेला.

या प्रयोगाची रीत मोठी सुंदर आहे. कोणते शेत निवडावयाचे ते अधिकाऱ्याने ठरवावयाचे नाही, शेतकऱ्यानेही नाही. ते यदृच्छ संख्यांच्या तक्त्याने ठरते. शेतात गेल्यावरही कोठे कापावयाचे हे कोणाच्या मर्जीवर नाही. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून किती पावले लांबीकडे व किती रुंदीकडे जावयाचे, हेही तशाच संख्या सांगतात. मग बहुतेक पिकांसाठी पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा आखून त्यातील पीक कापून, मळून, तोलले जाते. लहरीला वाव न ठेवण्यासाठी मुद्दाम दैवयोगाचा आश्रय घ्यावयाचा, ही संख्याशास्त्राची एक विलक्षण युक्ती आहे.

तुकडा केवढा असावा, यावर १९४०च्या दशकात मोठा वाद झाला. आचार्य प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये अगदी लहान तुकडे वापरले होते. त्यात श्रम वाचत. सुखात्म्यांनी १९४६च्या सुमारास दाखवून दिले की लहान तुकड्याने उत्पन्न फुगते. कारण साधे आहे. कडेवरचे झाड आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की मापणाऱ्याचा हात ते आत घेतो. एक मीटरच्या चौरसाला चार मीटर कड असते आणि क्षेत्र एकच चौरस मीटर. पाच मीटरच्या चौरसाला वीस मीटर कड असते, पण क्षेत्र पंचवीस चौरस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरमागे कड पाचपट, आणि शंकेची झाडेही तितकीच अधिक.

आपण म्हणाल, चार झाडे आत की बाहेर, याने काय बिघडते? पीक विम्यात बिघडते. १९७०च्या दशकात प्रा. वि. म. दांडेकर यांनी असा विचार मांडला की प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे तपासणे खर्चाचे व भांडणाचे होईल. म्हणून सारख्या हवामानाच्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे आणि ते घटले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९८५च्या सर्वंकष पीक विमा योजनेपासून २०१६च्या प्रधानमंत्री फसल विमा योजनेपर्यंत मुख्य पाया हाच राहिला. मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा-उत्पन्न ठरते. समजा, ते एकरी दहा क्विंटल आहे, आणि यंदा प्रयोगांत सात निघाले. तूट दहात तीन. म्हणजे विमा रकमेच्या ३० टक्के भरपाई. तीस हजारांचा विमा असेल तर नऊ हजार. आता कडेची झाडे आत आल्याने सातऐवजी आठ निघाले, तर भरपाई सहा हजार. शंकेच्या झाडांची किंमत प्रत्येक शेतकऱ्यामागे तीन हजार रुपये.

या रीतीची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. माझ्या धाकट्या बंधूंचे शेत नाल्याकाठी होते. एका वर्षी पाणी साचून त्यांचे सोयाबीन उभेच्या उभे कुजले. पण हलक्यातील इतर शेते चांगली आली, सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, आणि त्यांना छदामही मिळाला नाही. ते मला म्हणाले, ‘दादा, तुमच्या शास्त्राने माझं शेत हिरवं दाखवलं.’ त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे गारपीट व पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तींचे नुकसान शेतनिहाय पाहण्याची तरतूद झाली, आणि विम्याचे क्षेत्रही तहसिलीवरून ग्रामपंचायतीपर्यंत किंवा आपल्याकडे पटवारी हलक्यापर्यंत लहान होत आले. पण यात एक पेच आहे. क्षेत्र लहान केले की सरासरी आपल्या शेताच्या जवळ येते. मात्र प्रत्येक क्षेत्राच्या वाट्याला येणारे प्रयोगही थोडे होतात, ग्रामपंचायतीसाठी मुख्य पिकाचे किमान चार. चारच तुकड्यांवर सगळ्या गावाचे भवितव्य उभे असेल, तर त्यातील एक तुकडा चुकीने मापला तरी गाव बुडते. म्हणून प्रयोगाच्या दिवशी गावकऱ्यांनी शेतात हजर राहावे, दोरी पाहावी, वजन पाहावे. आकडा जाहीर झाल्यावर केलेल्या आरडाओरड्यापेक्षा तो तयार होताना दिलेली हजेरी अधिक उपयोगी पडते.

दारिद्र्याचे मोजमापही असेच आहे. प्रा. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पोटभर अन्नासाठी १९६०-६१च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये लागतात असे धरून, ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचे दाखविले. सुखात्म्यांनी उष्मांकाच्या या मोजमापावर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमी-जास्त होते. तेव्हा सरासरी गरजेखाली जो जो दिसेल तो उपाशीच, असे म्हणता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचा हा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये रेषेची व्याख्या बदलली, आणि २००४-०५ या त्याच वर्षाचे दारिद्र्याचे प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्के झाले. एकाही घरातील चूल त्यामुळे विझली नाही की पेटली नाही; रेषा सरकली, एवढेच. मात्र ज्यांचे धान्य व सवलती अशा रेषांना बांधल्या जातात, त्यांच्या दृष्टीने हे ‘एवढेच’ फार मोठे असते.

उत्तर कोणी दिले?

तिसरा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे १२ लाखांहून अधिक होते. राज्याच्या सव्वासात कोटी लोकसंख्येत जेमतेम पावणेदोन टक्के. भोपाळात बसलेल्याला पावणेदोन टक्के ही नगण्य संख्या वाटेल. सौंसरच्या आठवडी बाजारात उभ्या असलेल्याला ते खरे वाटणार नाही. पहिल्या प्रश्नाचाच हा पुन्हा प्रत्यय.

पण येथे आणखी एक गोष्ट आहे. पीक आपले वजन स्वतः सांगत नाही. भाषा मात्र माणसाने सांगावयाची असते. बालपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. आपण शाळेत कोणती भाषा शिकलो, कचेरीत कोणती वापरतो, हा तो प्रश्नच नव्हे. तरीही आपल्याकडे कितीतरी घरांत, मुले हिंदी शाळेत जातात म्हणून, किंवा प्रगणक हिंदीत विचारतो म्हणून, ‘हिंदी’ असे उत्तर दिले जाते. कोणी खोटे बोलत नाही. प्रश्न नीट ऐकलेला नसतो. आपल्या भागातील पोवारी बोलणाऱ्या बांधवांची तर आणखी निराळी कथा. त्यांनी ‘पोवारी’ असे सांगितले तरी कोष्टकात ती हिंदीच्या गटात मोडली जाते. म्हणजे उत्तर देणाऱ्याइतकाच रकाना आखणाराही आकडा घडवीत असतो.

याचा परिणाम काय? १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगते. त्यासाठी फार पूर्वीपासून मानलेले प्रमाण वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असे आहे. दहा आणि चाळीस! ज्या गावात चाळीस मुलांच्या घरी मराठी बोलली जाते, पण प्रवेशाच्या कागदावर पंधरांचीच मातृभाषा मराठी लिहिलेली आहे, तेथे मराठी शिक्षकाची मागणी कोणत्या आधारावर करावयाची? मी कोणत्याही भाषेच्या विरुद्ध बोलत नाही. हिंदीने आपल्याला मोठे जग दिले आहे. गोंडी बोलणाऱ्याने गोंडी, पोवारी बोलणाऱ्याने पोवारी आणि मराठी बोलणाऱ्याने मराठी असे जे खरे तेच सांगावे, इतकाच माझा आग्रह आहे.

२०११नंतर २०२१ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि आपल्यासारख्या प्रदेशांसाठी १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला. सोळा वर्षांच्या खंडानंतरची ही मोजणी. नव्या जिल्ह्याची ही पहिलीच. आणि तीत जातींचीही नोंद व्हावयाची आहे. यावर पुढची कित्येक वर्षे आपल्या शाळा, दवाखाने, धान्य आणि मतदारसंघ ठरतील.

मित्रहो, माझे बोलणे संपवितो. संख्याशास्त्राने समाज समजतो असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण आपोआप नव्हे. मोजणाऱ्याला विचारणारा समाज असेल तरच. माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. शाळेच्या कपाटात जुने हजेरीपट वाळवीच्या वाटेवर पडून आहेत. ते उतरवून घ्या, मुलामुलींचे, महिन्यामहिन्याचे, गावागावाचे वेगळे कागद करा. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या परिसरात कोण शिकले आणि कोण कोणत्या महिन्यात गळले, याचा इतिहास दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. गुरुजींचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

माझी थोरली बहीण आज हयात नाही. तिने आपल्या चारही मुलींना शिकविले. वेचणीच्या दिवसांत त्यांतील एकीचाही रकाना रिकामा राहिला नाही, असे ती अभिमानाने सांगत असे.